देव्हाऱ्यातल्या ‘भवानी’वर भलत्याच माणसाचं नाव! जाणकारांनी मदत करा

केराकाठ | रविवार, रात्री १०.४०
नमस्कार. इथे तीन-चार वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. शुद्धलेखन आणि लांबी दोन्ही पदरात घ्या.

माझं माहेर पाटण तालुक्यातलं, केरा नदीच्या काठचं. आमच्या देव्हाऱ्यात टाकांच्या मागे एक जड गोल चकती उभी असते. तळहातापेक्षा थोडी मोठी. मधोमध उभी बाई, हातात त्रिशूळ, पुढ्यात सिंह. आणखी काय पाहिजे? भवानीच. घटाला तिला माळ, दसऱ्याला चिंचेनं घासून लख्ख करायची, आणि घरात नवी सून आली की तिने टाकांबरोबर हिलाही हळदकुंकू वाहायचं. सिंह जरा मरतुकडा आहे. लहानपणी आम्ही भावंडं त्याला कुत्रं म्हणायचो आणि आजीचा मार खायचो.

या दिवाळीला वहिनीने मनावर घेतलं. वर्षानुवर्षांचं कुंकू बसून कडेला नुसता लाल गिलावा झाला होता. तिने चकती रात्रभर कोमट पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी कडेनं इंग्रजी अक्षरं वर आली. वहिनी हायस्कुलात इंग्रजी शिकवते, तिने तिथेच मोरीपाशी वाचून दाखवलं, ‘ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर’. स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. आई म्हणाली, "कोण मेला? देवी आहे ती."

सिंहाच्या वर एक चौकट आहे, तिच्यात उठावाच्या अक्षरांत एका माणसाचं नाव आहे. मराठी नाव, पण आमच्या घरातलं नाही. ते आडनाव आमच्या भावकीत नाही, सोयऱ्यांत नाही, गावातही नाही.

माझे पणजोबा (घरात सगळे त्यांना अजून तात्याच म्हणतात) पहिल्या महायुद्धात पलटणीत होते. ‘बसऱ्याला’ गेले होते एवढंच आम्हाला ठाऊक. परत आले, शेती केली, आणि १९६२ च्या पावसाळ्यात म्हातारपणाने गेले. मग हे मेलेल्या कुणाचं तरी पदक त्यांनी आमच्या देवांत का बसवलं?

फोटो टाकलाय, चौकटीवर बोट ठेवून. त्या माणसाचं घराणं आमच्याच भागातलं असू शकतं, म्हणून नाव उघड करत नाही.

जुनं_नाणं | रविवार, रात्री ११.१५
ताई, आधी एक विनंती. चिंच बंद करा. आजच.

आता उत्तर. हे पदक नाही. वर बघा, रिबिनीसाठी कडी नाही आणि कधी नव्हतीही. हा पहिल्या महायुद्धातला मेमोरियल प्लाक, इंग्लंडात लोक त्याला ‘डेड मॅन्स पेनी’ म्हणत, मेलेल्याचा पैसा. त्यांच्या तेव्हाच्या पेनीवर हीच बाई असायची म्हणून. तिचं नाव ब्रिटानिया. त्रिशूळ समुद्रावरच्या सत्तेचा. नीट पाहिलंत तर तिच्या दोन्ही बाजूंना दोन डॉल्फिन दिसतील. अगदी तळाशी आणखी एक छोटा सिंह आहे, तो एका गरुडाला फाडतोय. गरुड म्हणजे जर्मनी.

साम्राज्याच्या बाजूने लढताना जो मेला त्याच्या घरी हा जायचा. इंग्रज असो, कॅनडाचा असो की साताऱ्याचा. ब्राँझचा ओतीव, १२० मिलिमीटर व्यासाचा, दहा लाखांहून जास्त काढले. नमुन्यासाठी १९१७ मध्ये खुली स्पर्धा झाली, आठशेच्या वर नमुने आले आणि लिव्हरपूलचा शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन जिंकला, २५० पौंड बक्षीस. मोठ्या सिंहाच्या पुढच्या पंजाजवळ त्याची आद्याक्षरं असतात, ई. सीआर. पी., भिंगातून बघा. आणि सिंहाबद्दल तुम्ही भावंडं चुकीची नव्हता. तो फारच किरकोळ झालाय अशी ओरड तेव्हा तिकडेही झाली होती.

सगळ्यात महत्त्वाचं. या प्लाकवर हुद्दा मुद्दामच घालत नसत. जनरल असो की शिपाई, मेल्यावर सगळे सारखे म्हणून. त्यामुळे पलटण नाही, नंबर नाही, नुसतं नाव. आपल्याकडे तेव्हा एकेका नावाचे पन्नास शिपाई. शोधणं अवघड जाणार आहे.

ओवी | रविवार, रात्री ११.२२
ब्रिटानियाला हळदकुंकू आणि घटाला माळ!! हे वाचून इतकं हसू आलं आणि मग एकदम गप्प झाले. वाचते आहे.

शंकासुर | सोमवार, सकाळी ७.५०
तुमच्या पणजोबांनी हा जुन्या बाजारात मोडीच्या भावाने घेतला असेल, ही शक्यता आधी तपासा. पितळ-ब्राँझ वजनावर विकलं जायचं. त्रिशूळवाली बाई दिसली, देवी समजून घरी आणली. धाग्यावर लगेच गूढकथा सुरू होण्याआधी एवढं सांगून ठेवतो.

केराकाठ | सोमवार, सकाळी ९.०५
@जुनं_नाणं, फार फार आभार. आद्याक्षरं सापडली. चिंच बंद, आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग दसऱ्याला काय, नुसतीच ठेवायची?"
@शंकासुर, असू शकेल. पण तात्या इंग्रजी वाचू शकायचे, घरात तेवढे एकटेच. पलटणीत शिकले होते.

सुभेदार_निवृत्त | सोमवार, दुपारी १.३०
जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. ताई, पणजोबांची स्वतःची मेडलं कुठे आहेत? प्लाकवर काही नसतं, पण मेडलवर असतं. तारा असेल तर तो पालथा करा, मागे नंबर, हुद्दा, नाव, पलटण ठोकलेली असते. गोल मेडल असेल तर कडेवर बघा, चपट्या बाजूवर नाही. आजकालची पोरं मेडल समोरून बघतात आणि ठेवून देतात. खरी गोष्ट कडेला लिहिलेली असते.

केराकाठ | सोमवार, रात्री ९.४५
सुभेदार काका, तुम्ही ग्रेट आहात.

गोल दोन होती म्हणे. एक चांदीचं, त्याचे आजीच्या लग्नात पैंजण झाले (खरंच). दुसरं हरवलं. तारा मात्र आहे, तांबूस, मध्ये १९१४-१५ असं लिहिलेला. ६७ च्या भूकंपात आमचं जुनं घर बसलं, त्या मातीतून देव्हारा, हा तारा आणि ही चकती एवढं निघालं. चकतीच्या कडेला एक पोचा आहे तो तेव्हाचा. बाकी कागद होते, ते भिजून लगदा झाले.

तारा पालथा केला. नंबर आहे, ‘सिपॉय’ आहे, तात्यांचं नाव (स्पेलिंग दिव्य) आणि खाली ‘११७ मराठाज’.

सुभेदार_निवृत्त | सोमवार, रात्री १०.१०
११७! ताई, तुमचे पणजोबा कूतला होते हो.

जरा सविस्तर लिहितो, बाकीच्यांनाही कळू दे. आपल्या पलटणींचे नंबर तेव्हा वेगळे होते, १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७. १९२२ मध्ये सगळ्यांची मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ ची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १०५ ची दुसरी, काळी पाचवी. ११७ ची पाचवी, आणि तिला ‘रॉयल’ किताब मिळाला तो याच मेसोपोटेमियातल्या (आताच्या इराकमधल्या) कामगिरीबद्दल. ११४ चं बेळगावला ट्रेनिंग सेंटर झालं. शर्कतच्या लढाईत नाव काढलं ती ही ११४.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी सहाव्या डिव्हिजनमध्ये, तिचं नावच पुणे डिव्हिजन. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली बगदाद घ्यायला निघाले, बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला अडले, मागे हटून कूत-अल-अमारात शिरले. तिथे ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. जवळजवळ पाच महिने. सोडवायला आलेल्या फौजा शेख साद, हन्ना, दुजैला, सन्नैयात इथे मार खाऊन अडकल्या. आत धान्य संपलं. विमानातून पोती टाकली, दळायला जात्याच्या तळ्यासुद्धा टाकल्या. काही पोती नदीत, काही तुर्कांच्या अंगणात. शेवटी घोडे-खेचरं कापली. हिंदी शिपाई घोडा खाईनात. धर्माचा प्रश्न होताच, शिवाय गावी कळलं तर पंगतीत कोण बसवणार? नुसत्या जवावर राहिले, स्कर्व्हीने हिरड्या सडल्या. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. तेरा हजारांच्या आसपास माणूस कैद झाला. गोऱ्या अफसरांची सोय बरी लागली. टाउनशेंड कॉन्स्टॅन्टिनोपलजवळ एका बेटावर बंगल्यात राहिला. आपल्या शिपायांना वाळवंटातून चालवत नेलं आणि बगदाद रेल्वेच्या कामावर लावलं, रास अल ऐनकडे. हजारो तिथेच गेले.

‘बसऱ्याला गेले’ म्हणजे हे सगळं, ताई.

लाल_माती | सोमवार, रात्री १०.३१
एकच विचारतो. ‘स्वातंत्र्यासाठी मेला’. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी? १९१६ मध्ये साताऱ्याचा शिपाई इराकमध्ये इंग्रजांचं तेल राखत होता. हा फलक देव्हाऱ्यात नको, संग्रहालयात पाहिजे.

सुभेदार_निवृत्त | सोमवार, रात्री १०.४८
साहेब, महिना ११ रुपये पगार होता तेव्हा शिपायाचा. पाऊस दगा देणारी शेती, वर सावकार. ११ रुपयांच्या मनिऑर्डरीत घर चालायचं. स्वातंत्र्य कुणाचं हे विचारायला पोट भरलेलं लागतं.

लाल_माती | सोमवार, रात्री १०.५५
मी शिपायाला बोललोच नाही. फलकावरच्या वाक्याला बोललो.

सुभेदार_निवृत्त | सोमवार, रात्री ११.०२
मग आपलं एकमत आहे.

घाटावरचा | मंगळवार, सकाळी ८.२०
थोडं अवांतर. सातारा तालुक्यातल्या आमच्या अपशिंग्यात (मिलिटरी अपशिंगेच, दुसरं नव्हे) इंग्रजांनी लावलेला दगड आहे. पहिल्या युद्धात गावचे ४६ गेले. त्यावर आकडा आहे, नावं नाहीत. पुष्कळ गावांत असे संगमरवरी दगड सापडतील, चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत. या गावातून इतके गेले, इतक्यांनी प्राण दिले. बस. लहानपणी वाटायचं नावं पुसली गेली असतील. ती कोरलीच नव्हती.

खलाशी_पणतू | मंगळवार, सकाळी ९.००
@जुनं_नाणं, आमच्याकडे गोल मेडल आहे पण चांदीचं नाही, ब्राँझचं. राजाचं तोंड आहे, मागे घोड्यावर बसलेला उघडा माणूस. नकली का? पणजोबा खेचरं हाकायला होते.

जुनं_नाणं | मंगळवार, सकाळी ९.२५
नकली अजिबात नाही. ब्रिटिश वॉर मेडल लढणाऱ्याला चांदीचं आणि कामगार, हमाल, खेचरवाले यांना ब्राँझचं. धातूतसुद्धा पंक्तिभेद. आज मजा अशी की ब्राँझचीच कमी सापडतात. कडेवर त्यांच्या तुकडीचं नाव असेल, बघून नवीन धागा काढा. इथे नको, ताईंचा धागा भरकटेल.

पदक_खरेदी_विक्री | मंगळवार, सकाळी ११.४०
भारतीय नावाचा प्लाक, चांगला भाव देऊ. कुंकवाचे डाग असले तरी चालतील. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

संपादक मंडळ | मंगळवार, दुपारी १२.०५
वरील सदस्याला समज दिली आहे. इथे खरेदी-विक्री चालत नाही.

ओवी | मंगळवार, दुपारी १२.१०
"कुंकवाचे डाग असले तरी चालतील." वा रे उपकार.

मुक्ता_बर्मिंगहॅम | मंगळवार, संध्याकाळी ६.३०
मी इकडे ग्रंथालयात काम करते, म्हणून थोडी भर.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात गेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) वेबसाइटवर नावाने शोधता येतं. हिंदी शिपायांच्या नोंदीत बऱ्याचदा बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो. पण दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, स्पेलिंग. ‘मराठा’मध्ये एच घालायचे, ‘ज्ञानू’चं ‘दन्यू’ व्हायचं. नाव मोठ्याने म्हणून बघा आणि पंजाबी कारकुनाने ते कसं ऐकलं असेल त्याचा विचार करा. दोन, जिल्हे तेव्हाचे. रायगड नाही, कुलाबा. सिंधुदुर्ग नाही, रत्नागिरी. सांगलीकडचीही कितीतरी गावं तेव्हा साताऱ्यात.

मेसोपोटेमियात ज्यांना थडगं मिळालं नाही अशा चाळीस हजारांहून जास्त जणांचं बसरा स्मारक आहे, १९२९ चं. आधी ते बसऱ्याजवळच्या मकिल गोदीवर होतं, १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमाने उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेऊन बसवलं. त्याच्या भिंतीवर गोऱ्यांची नावं आहेत, साध्या सोजिराचंही आहे. हिंद्यांपैकी फक्त अफसरांची. शिपायांचं काय, तर पलटणीचं नाव आणि तिच्यापुढे आकडा, इतके. नावं वेगळ्या वहीत. ही वागणूक चुकीची होती हे कमिशनने २०२१ च्या अहवालात कबूल केलं आणि माफी मागितली.

म्हणजे ताई, तुमच्या चौकटीतला माणूस जर बसऱ्याच्या त्या आकड्यातला असेल, तर त्याचं नाव दगडावर कुठेच नाही. तुमच्या देव्हाऱ्यात आहे.

घाटावरचा | मंगळवार, संध्याकाळी ७.१०
...

केराकाठ | गुरुवार, रात्री ११.५५
दोन दिवस गायब होते, कारण कऱ्हाडला गेले होते. आक्काआजीकडे. तात्यांची धाकटी लेक, वय ९०, कान गेलेत पण डोकं आपल्यापेक्षा चांगलं चालतं.

आधी मुक्ताताईंच्या सांगण्याप्रमाणे शोध. त्या नावाचे ११७ मधले तीन सापडले. एक नगरकडचा, एक रत्नागिरीचा, आणि एक सातारा जिल्ह्यातला, जावळी तालुका. गावाचं नाव वाचलं आणि पोटात गोळा आला. ते गाव आता नाही. कोयनेचं धरण झालं तेव्हा शिवसागराखाली गेलं. मृत्यूची तारीख १९१६ चा सप्टेंबर. स्मारक, बसरा.

ते नाव मी आक्काआजीच्या कानात ओरडले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

तिच्याच तोंडचं देते, जमेल तसं.

"त्यो जावळीचा, पर त्याची बायकू आपल्या गावची लेक. माझ्या आईपरास थोरली. लगीन झालं, दोन वरसांत त्यो पलटनीत गेला. तात्या आन त्यो एकाच कंपनीत. लढाई सपली, तात्या आले, त्यो आला न्हाई. ती म्हायेराला येऊन ऱ्हायली. तात्यास्नी इचारायची, दिसला हुता का? तात्या म्हनायचे, न्हाई, आमची टोळी येगळी केली हुती. मग एक दिस पाटलाकडं पुडकं आलं, जाड पुठ्ठ्याचं. सासरकडनं हिकडं धाडल्यालं. पाटलाला वाचता येईना, त्यानं तात्यास्नी बोलावलं. तात्यांनी वाचलं आन म्हनले, ह्ये माझं हाय, माझ्या पलटनीचं. घेऊन घरी आले. आईनं इचारलं ह्ये काय? म्हनले, भवानी हाय, देवात ठेव."

मी विचारलं, मग त्या बाईला कधी कळलंच नाही?

"ती कुकू लावायची. मरस्तवर लावायची. लोक बोलायचे, मागनं. दसऱ्याला आपल्याकडं सोनं घेऊन यायची, देव्हाऱ्याम्होरं डोकं टेकायची. सगळे टाक बघायची, त्या चकतीकडं न्हाई बघायची. आता ठावं हुतं का न्हाई, तूच सांग."

घोड्याचंही विचारलं. ती म्हणाली, तात्या परत आल्यावर वर्षभर भावकीच्या पंगतीत थोडे लांब बसत, कुणी बसवायचं म्हणून नव्हे, आपणच बसत. खाल्लं होतं की नाही ते कुणी विचारलं नाही.

एवढंच आहे. मला झोप येत नाहीये.

ओवी | शुक्रवार, सकाळी ६.१५
वाचलं. चहा गार झाला.

शंकासुर | शुक्रवार, सकाळी ८.४०
मोडीच्या बाजाराची माझी शंका मागे घेतो. आता दुसरी, राग मानू नका. शिपाई मेला तर बायकोला पेन्शन असायची. पेन्शन घ्यायची तर नवरा मेलाय हे मान्य करून अंगठा द्यावा लागणार. मग कुंकू कसं राहिलं? गोष्ट चांगली आहे, पण शंभर वर्षांत गोष्टींना पॉलिश चढतं, तुमच्या चकतीसारखंच.

केराकाठ | शुक्रवार, सकाळी ९.१०
राग कसला, मलाही हाच प्रश्न पडला होता. आत्ता फोन करून विचारलं. उत्तर आलं, "पेन्शन दिरानं उचलली. हिला काय मिळालं न्हाई. हिनं मागितली बी न्हाई." पुढे दिराबद्दल जे म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शंकासुर | शुक्रवार, सकाळी ९.२०
हे मात्र पटतं. माणसं अशीच असतात.

सुभेदार_निवृत्त | शुक्रवार, दुपारी २.००
ताई, एक बोलू का? बोलावं की नाही याचा सकाळपासून विचार करतोय.

तारीख बघा. सप्टेंबर १९१६. कूत पडलं एप्रिलअखेर. म्हणजे तो वेढ्यात मेला नाही, लढाईत मेला नाही. कैदेत मेला. कैदेत आपली माणसं गावकीने, जातीने, पलटणीने धरून राहायची, नाहीतर जगणंच शक्य नव्हतं. एक कंपनी, एकाचं सासर ते दुसऱ्याचं गाव, आणि टोळी वेगळी केली? केली असेलही, तुर्क कुणालाही कुठेही पाठवत. पण मला वाटतं तुमच्या तात्यांनी त्याला माती दिली असेल किंवा तेवढीही देता आली नसेल.

मी स्वतः दोन वेळा सोबतीच्या घरी सांगायला गेलोय. दाराशी गेल्यावर पहिला प्रश्न हाच येतो, तुम्ही होतात का तिथे. दोन्ही वेळा मी हो म्हणालो. पण ‘नाही’ का म्हणावंसं वाटतं ते मला माहीत आहे.

लाल_माती | शुक्रवार, दुपारी ३.१५
संग्रहालयाचं मी बोललो होतो. ते सोडून द्या.

मुक्ता_बर्मिंगहॅम | शुक्रवार, संध्याकाळी ७.००
इकडे युद्ध संपल्यावर कित्येक घरांनी हा फलक भिंतीवर लावला, दारात बसवला, रोज पुसला. काहींनी रागाने परतही पाठवला. पण तो पुडक्यातून बाहेर काढून दुसऱ्याच्या घरात देवी म्हणून बसवल्याचं मी कुठे वाचलेलं नाही.

ताई, एक व्यवहाराचं. कमिशनकडे नोंदीत भर घालायला लिहिता येतं. फलकाचे दोन्ही बाजूंचे, कडेचे आणि आकडा दिसत असेल तर त्याचे (सिंहाच्या मागच्या पायाजवळ बारीक असतो) स्वच्छ फोटो काढून ठेवा. आक्काआजींचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. आज करा, उद्यावर ढकलू नका.

जुनं_नाणं | शुक्रवार, संध्याकाळी ७.४०
आणि ठेवायचं कसं ते. मऊ सुती फडक्याने कोरडं पुसायचं, बस. ब्राँझवर जो काळपट तपकिरी रंग चढतो तो त्याचं कातडं आहे, खरवडायचं नाही. नाव ओतीव असल्यामुळे टिकलंय. नुसतं कोरलेलं असतं तर एवढ्या दसऱ्यांच्या चिंचेत कधीच गेलं असतं. बाजारात बनावट फिरतात त्यात हीच खूण बघतात. जुनं नाव घासून काढून नवं कोरलेलं असेल तर चौकटीचा तळ खोलगट लागतो. तुमचा अस्सल आहे, फोटोतही कळतं.

केराकाठ | शुक्रवार, रात्री १०.२०
रेकॉर्डिंग केलं, ४० मिनिटं. त्यातली पंधरा मिनिटं माझ्या लग्नात मानपान कसा कमी झाला यावर आहेत.

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं ती आता चकती देव्हाऱ्यातून काढेल, मेलेल्याच्या नावाचं देवात ठेवत नाहीत म्हणून. तिने विचार केला आणि म्हणाली, टाक तरी कुणाचे असतात? आमच्याकडे टाकांत एक वीराचा टाक आहेच, घोड्यावर बसलेला, कोणत्या पिढीचा ते कुणाला माहीत नाही. चकती आता त्याच्या शेजारी आलीये. कुंकू ब्रिटानियाला नाही, चौकटीला लागतं. जुनं_नाणं, माफ करा, टिकलीएवढंच लावते म्हणाली.

जुनं_नाणं | शुक्रवार, रात्री १०.२५
टिकलीएवढं चालेल.

बुडीतक्षेत्र | रविवार, सकाळी १०.०५
नमस्कार, उशिरा आलो धाग्यावर. आमचं मूळ गाव शिवसागराखाली. आजोबांच्या वेळी उठलो. कुणाला ठाण्याकडे पाठवलं, कुणाला सोलापूर, सांगली, आम्ही रायगडात. एका गावाचे पाच तुकडे झाले, त्यामुळे कोण कुठे आहे ते लग्नपत्रिकेवरून कळतं.

ताई, तुम्ही गावाचं नाव दिलं नाहीत, पण जावळीतलं, बुडालेलं आणि तिथून ११७ मध्ये माणूस गेलेला, अशी गावं फार नाहीत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या देवळाचा चौथरा वर येतो, दरवर्षी काही जण होडीने जातात, नारळ ठेवून येतात. आमच्या वसाहतीत एका घरात ‘बसऱ्याला गेलेल्या चुलत्या’ची गोष्ट सांगतात. त्यांच्याकडे फोटो नाही, कागद नाही, काही नाही. आडनाव व्यनिमध्ये पाठवलंय. जुळतं का बघा.

केराकाठ | रविवार, दुपारी १२.५०
व्यनि बघितला. आडनाव जुळतं.

आक्काआजीला लगेच फोन केला. ती म्हणाली, आधी एवढं विचार, ते दिराकडचे आहेत का.